तांडेल सायकलीवर

शनिवार, ६ सप्टेंबर. हार्लिंगन

आज माझ्या हातात सायकल देण्यात आली. वय अडुसष्ट, त्यातली पन्नास वर्षं पाण्यावर गेली, आणि आज पोटच्या पोरीनं, हिस्केनं, सुकाणू काढून घेऊन हातात हँडल दिलं. वर घंटी वाजवून दाखवली, जणू मला घंटी माहीत नाही.

फेरीबोटीवाल्यांनी हिस्केला कप्तानाची जागा देऊ केली आहे. ठरलेल्या पाळ्या, भरपगारी रजा, कोरडे मोजे. परवाच्या नाही, पुढच्या सोमवारी, म्हणजे ही सहल आटोपल्यावर तिला उत्तर द्यायचं आहे. ती गेली तर आमची बोट रॉटरडॅमच्या एका हॉटेलवाल्याला जाईल. तो डोलकाठ्या उतरवून वर काचेची खोली बांधणार आहे आणि लोकांना आत बसवून पॅनकेक खायला घालणार आहे. माझ्या आजोबांनी तीन मुलांसाठी बांधलेली बोट, नावसुद्धा 'तीन भाऊ', आणि तिच्यात पॅनकेक!

सकाळी धक्क्यावर हिस्के म्हणाली, "बाबा, हा आठवडा बोट मी चालवते. तुम्ही पाहुण्यांना घेऊन सायकलीवर. बोटीबद्दल एक शब्द काढायचा नाही. शीड नाही, वारा नाही, पाणी नाही. काढलात, तर सोमवारी मी फेरीबोटीवर."

"आणि नाही काढला तर?"

"तर बघू. आधी गप्प बसून तर दाखवा."

आमचा स्वयंपाकी-कम-खलाशी टोन शेजारी कांदे उतरवत होता. तो दक्षिणेतल्या ब्राबांटचा, हसायला लागला की पोट आधी हसतं. म्हणाला, "हेसेल, पैज लावतो, उद्या रात्रीपर्यंत बोलशील. तू सोमवार पाहत नाहीस."

पाहुणे म्हणजे ड्रेंथमधल्या एका खेड्यातलं चर्चचं गायनमंडळ, बारा जण. समुद्र त्यांनी बहुतेक चित्रातच पाहिलेला. एक उंच बाई स्वतःची सायकल घेऊन आल्या आहेत, पुढं लोखंडी चौकट असलेली, जुनी टपालाची. नाव फेन्ना. तीस वर्षं टपाल वाटलं म्हणे. हात दाबला तर बोटं मोजून घ्यावी लागली.

रविवार, ७ सप्टेंबर. माक्कुम

बंदरातून बाहेर पडताना हिस्केनं बोट जरा उशिरा वळवली. मी खोकलो. तिनं वळून पाहिलं. मी पुन्हा खोकलो. खोकला हा शब्द नाही.

टोननं येऊन ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचं अख्खं पुडकं माझ्या हातात ठेवलं. "कप्तानांनी पाठवलंय. म्हणाल्या, आणखी एक खोकला आला तर तो शब्द धरतील."

पुढच्या धक्क्यावर आम्हाला सायकलींसकट उतरवून बोट समुद्र अडवणाऱ्या लांब धरणाकडे गेली. आम्ही समुद्रबांधावरून माक्कुमला. वारा समोरून. आमच्या मुलखात डोंगर नाहीत म्हणून देवानं हा वारा दिला आहे. बांधावर मेंढ्या, मेंढ्यांच्या लेंड्या, आणि दर थोड्या अंतरावर एक फाटक, ते उघडायला वाटाड्यानं उतरायचं. वाटाड्या मी. सहाव्या फाटकाला माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले.

मध्येच फेन्नाबाईंची चेन पडली. लावून दिली. थोड्या वेळानं पुन्हा पडली. पुन्हा लावली. त्या शेजारी उभ्या राहून सँडविच खात होत्या आणि मी चेन कशी लावतो ते फार लक्षपूर्वक बघत होत्या. तीस वर्षं सायकलीवर काढून चेन लावता येऊ नये, हे नवल आहे. टपालखात्यात माणसाला काहीच शिकवत नसावेत.

"ती बघा तुमची बोट," त्यांनी पाण्याकडे हात केला. "शीड चढवताहेत."

"हो हो," मी म्हणालो. तिथं नुसतं पांढुरकं होतं. धुकं असावं, पण एकालाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर. टेक्सेल

दिवसभर पाण्यावर. मी सुकाणूकडे पाठ करून बटाटे सोलले. बारा गायकांना पुरून उरतील इतके सोलले. पाठीमागे शीड फडफडलं की माझी मान आपोआप वळायला लागते, म्हणून टोननं मला कांद्यांवर बसवलं.

टोन पैज हरला. पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसलं नाही, उलट रात्री मला जास्तीची मोहरीची आमटी वाढली.

मंगळवार, ९ सप्टेंबर. टेक्सेल

हे कबूल करायला जड जातं, पण लिहितो. आज मजा आली.

सकाळी बेटावर निघालो. वारा पाठीवर. पाठीवरचा वारा मला ठाऊक आहे, पण बोटीवर तो शिडाला लागतो, सायकलीवर तुम्हाला लागतो. तुम्हीच शीड! वाळूच्या टेकाडांमधून रस्ता खाली जातो तिथं मी पाय उचलून धरले आणि तोंडातून "हो ऽ ऽ" असा आवाज निघाला. मागून बारा जणांनी तो चार पट्ट्यांत परत केला. एक म्हातारी मेंढी दचकून उभी राहिली.

दुपारी दीपस्तंभाखाली बसून हेरिंग मासळी खाल्ली. शेपटीला धरून, मान मागे टाकून, कांद्यासकट. ड्रेंथवाले काटे-चमचे शोधत होते. फेन्नाबाईंनी मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं, शेपूट धरली आणि अख्खी गिळली. टाळ्या पडल्या.

"नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच," त्या म्हणाल्या.

"हेरिंग?"

"कुणी 'खा, खा' म्हणून मागे लागल्याशिवाय खाल्लेली."

मी तर काही सांगितलं नव्हतं. चेन आज तीनदा पडली. मी चाकाचं दातेरी चक्र तपासलं, नव्यासारखं आहे, तेलपाणी चोख आहे. कारण सापडत नाही. उद्या नीट बघतो म्हटलं. "बघा ना," म्हणाल्या, "घाई नाही."

आज पौर्णिमा. परवा उधाण.

बुधवार, १० सप्टेंबर. व्हलीलांड

गप्प.

गुरुवार, ११ सप्टेंबर. टर्शेलिंग

काल काही लिहिलं नाही कारण जे लिहायचं होतं ते बोटीबद्दल होतं, आणि लिहिणं म्हणजे बोलणं की नाही याचा माझा निर्णय होत नव्हता. आज झाला. नाही.

तर, काल व्हलीलांडच्या वळणावर तिनं मोठं शीड लवकर उतरवलं. मी असतो तर आणखी थांबलो असतो. पाठोपाठ वाऱ्याचा मोठा झपाटा आला आणि शेजारच्या बोटीवरचे लोक शीड धरायला माकडासारखे धावले. हिस्के तोवर कॉफी पीत होती. योगायोग.

आज टर्शेलिंगवर पूर्वेच्या टोकापर्यंत सायकली दामटल्या. क्रॅनबेरीची रानं लाल झाली आहेत. परतताना क्रॅनबेरीचा केक, वर साय. फेन्नाबाई माझ्या शेजारून चालवतात. आडव्या वाऱ्यात कुणीतरी वाऱ्याच्या बाजूला लागतं म्हणून असेल.

रात्री जेवताना हिस्केनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जाणार?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? खुणेचे तरंगते बोये फिके पडलेत यंदा. रंगवणारे आळशी झालेत."

टोननं सूप ढवळलं. हिस्केच्या तोंडावर रागापेक्षा दुसरंच काहीतरी होतं, ते मला लागलं. ती लहान असताना तिची आई गेली. तेव्हापासून ही पोर बोटीवरच वाढली, माझ्या पायात घुटमळत. ती फेरीबोटीवर गेली तर मी करणार काय? धक्क्यावर बसून हेरिंग खात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चुका काढणार. तसले सात-आठ जण आहेतच तिथं. मी आठवा-नववा. भीती वाटते. लिहून ठेवतो, भीती वाटते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. टर्शेलिंगच्या दक्षिणेला, वाळूवर. दुपार

आमच्या सपाट बुडाच्या बोटींची एक जुनी रीत आहे. ओहोटीला मुद्दाम वाळूवर बसायचं. पाणी निघून जातं, बोट बशीसारखी टेकते, पाहुणे शिडीनं उतरून समुद्राच्या तळावर अनवाणी फिरतात. पुढच्या भरतीला बोट आपसूक उठते. सगळ्या सहलीत लोकांना हाच दिवस आठवतो.

फक्त एक गोष्ट सांभाळायची, आणि ती इथलं शेंबडं पोरही सांगेल. भरतीच्या टोकावर बसायचं नाही. पाणी जरा उतरू द्यायचं आणि मग बसायचं, म्हणजे पुढची भरती पुरते. त्यातून उधाण सरलं असेल तर विचारूच नका, तेव्हा प्रत्येक पाणी आधीच्यापेक्षा कमी चढतं.

उधाण काल सरलं. आणि हिस्केनं आज न्याहारीनंतर बोट बसवली, ती बरोब्बर टोकावर.

मी बघत होतो. जीभ दातांत धरली. टोनकडे पाहिलं, तो पाव कापत होता. बोट टेकल्याचा तो मऊ धक्का पायांना लागला. रात्रीचं पाणी कमी पडणार. उद्याचं त्याहून कमी. पुढचं उधाण दोन आठवड्यांनी! तोवर 'तीन भाऊ' इथं वाळूवर, बारा गायकांसकट, आणि हार्लिंगनचे ते सात-आठ जण दुर्बिणी लावून. असं झाल्यावर ती पुन्हा सुकाणूला हात लावेल? सरळ फेरीबोट.

आणि आत्ता मी बोललो तरी फेरीबोटच.

खाली मंडळ अनवाणी नाचतं आहे. कुणी शिंपले वेचतंय, कुणी चिखलात गुडघाभर रुतून हसतंय. हिस्के डेकवर आडवी होऊन झोपली आहे. झोप येते कशी हिला!

बोलायचं नाही, ठीक. पण करायचं नाही असं कुठं ठरलं होतं?

त्याच दिवशी, रात्र

लिहिताना अजून हसू येतं, मध्येच डोळे भरतात. क्रमानं सांगतो.

बेत साधा होता. छोटा नांगर लांब खोल पाण्याच्या बाजूला नेऊन वाळूत पुरायचा, दोर बोटीला बांधायचा. रात्री पाणी थोडं कमी पडलं तरी दोर ओढून बोट घसटत बाहेर काढता येते. मी नांगर गुपचूप खाली सोडला, खांद्यावर घेतला आणि दहा पावलांत गुडघ्यांनी जाहीर केलं की आम्ही येत नाही.

"कुठं निघालात?" फेन्नाबाई मागं उभ्या.

"त्याबद्दल मला बोलता येत नाही."

"बोटीबद्दल बोलायचं नाही ना? मग माझ्याशी बोला. मी काय बोट आहे?"

त्यांनी माझ्या उत्तराची वाट न बघता शिडीपाशी जाऊन आपली सायकल खाली घेतली. नांगर उचलला, पार्सलासारखा पुढच्या चौकटीवर ठेवला, वर दोराचं वेटोळं टाकलं. मग एका बाजूनं त्या, एका बाजूनं मी, अशी आम्ही समुद्राच्या तळावरून सायकल ढकलत नेली. ओल्या वाळूवर चाकाची रेघ उमटत होती. पलीकडे सील प्राण्यांचा गोतावळा पडला होता, त्यांनी माना वर करून पाहिलं. पन्नास वर्षांत सायकलीवरून नांगर टाकायला निघालेला तांडेल मी पाहिलेला नाही, सीलांनीही नसावा.

"चेन नाही पडली," मी परतताना म्हणालो. "एवढं ओझं असून."

"नाही ना," त्या म्हणाल्या आणि उगाचच हसल्या.

संध्याकाळी वारा वाढला. रात्रीच्या जेवणाची भांडी धुवून होतात तोच बोट हलली. मी म्हटलं, भास. पुन्हा हलली, आणि मग अख्खी बोट अलगद उठली, अजून भरतीला बराच अवकाश असताना! पाणी नुसतं पुरलं नव्हतं, हातभर जास्त होतं. मी डेकवर आ वासून उभा. हिस्केनं शांतपणे इंजिन सुरू केलं, बोट खोल पाण्याकडे वळवायला गेली, आणि बोट वळेना. पाणी आहे, इंजिन आहे, वारा साथीला आहे, आणि 'तीन भाऊ' दावणीला बांधलेल्या म्हशीसारखी जागच्या जागी झुलते आहे.

हिस्केनं विजेरी मारली. दोर दिसला.

"हा नांगर कुणी टाकला?"

मंडळातला एक जण खोकला. तेवढ्यात फेन्नाबाई पुढं झाल्या. "मी."

हिस्केनं गाठ बघितली. "पोस्टात ही गाठ शिकवतात?"

"रजिस्टर पार्सलासाठी," फेन्नाबाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

टोनचं पोट हसायला लागलं, मग टोन, मग सगळं मंडळ. दोर सोडायला तिघं लागले. बोट मोकळी झाल्यावर हिस्केनं सुकाणू टोनकडे दिलं आणि मला बाजूला घेतलं.

"बाबा, दुपारपासून वायव्येचा वारा येणार होता. तो आला की समुद्र सगळं पाणी इकडे लोटतो. म्हणून तर उंचावर बसवली. खाली बसवली असती तर आत्ता लाटांत आपटत असतो."

"पण सकाळी तर वारा नव्हता."

"आभाळात रेघा होत्या. घोड्याच्या शेपटीसारख्या, वायव्येला, अख्खं आभाळ भरून. तुमच्याकडूनच शिकले ते. तुम्हाला दिसल्या नाहीत?"

मी खोटं बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"नाही दिसल्या," मी म्हणालो. "बोयेही दिसत नाहीत, हिस्के. वसंतापासून."

तिनं माझ्या टोपीचं टोक धरून टोपी नाकापर्यंत खाली ओढली, तिथं ती जरा वेळ धरून ठेवली. मग म्हणाली, "उद्या तुम्ही फेरीबोटीनं या. सायकली घ्या, आणि ज्यांना लाटांची भीती वाटते तेही."

"शिक्षा?"

"नाही हो. तुम्ही गप्प असता ना, तेव्हाही मला ऐकू येता. एकदा तुमच्याशिवाय घरी आणून बघायची आहे. जमलं तर माझं मलाच कळेल."

म्हणजे माझ्या गप्प बसण्यानं काहीच ठरणार नव्हतं. सगळा आठवडा मी समजत होतो की परीक्षा माझी आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर. हार्लिंगन

वारा जोराचा, ऊन लख्ख. सकाळी टर्शेलिंगच्या धक्क्यावर हिस्के, टोन आणि चार धीट गायक बोटीवर राहिले. आम्ही बाकीचे सायकलींसकट फेरीबोटीवर. मी तिला काही सांगितलं नाही. 'सांभाळ' एवढंसुद्धा नाही. तोही सल्लाच.

फेरीबोटीवर गरम पाणी, गालिचा, आणि कॉफीचा कप टेबलावर हलत नाही. बोट असून हलत नाही! आमच्या मंडळींनी खुर्च्या गोल केल्या आणि गायला सुरुवात केली. मला आत बसवेना. मी बाहेर कठड्याशी गेलो. फेन्नाबाई मागोमाग आल्या.

"दिसली," त्या म्हणाल्या. "समोर, उजव्या हाताला."

मला पाणी दिसत होतं, चकाकी दिसत होती. "काय करतेय?"

"मोठं शीड अर्धं गुंडाळलंय. पुढचं लहान आहे. कलली आहे, पण फार नाही. तुमची मुलगी एका हातानं सुकाणू धरून उभी आहे आणि दुसऱ्या हातात... सँडविच वाटतं."

"सँडविच?"

"सँडविचच."

फेरीबोट वेगानं जवळ जात होती. आधी मला एक तपकिरी डाग दिसला. मग डागाला आकार आला. आणि मग ती शेजारी आली, वाऱ्यानं टम्म फुगलेली शिडं, पुढच्या टोकाला नाळेवर पांढरं पाणी फुटतंय, काळं अंग उन्हात ओलं. इतक्या जवळून की मलाही दिसावी.

पन्नास वर्षं मी त्या बोटीवर होतो. पन्नास वर्षं तिच्यावर होतो म्हणूनच ती चालताना मी कधी पाहिली नव्हती. धक्क्याला उभी पाहिली, गोदीत पाहिली, पण शिडं भरून समुद्रावर चाललेली कधीच नाही. लोक फोटो काढायचे, मला कळायचं नाही एवढं काय आहे त्यात. आज कळलं. मी लहान पोरासारखा टोपी काढून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, शब्द नव्हतेच बहुधा. हिस्केनं सँडविच हलवलं.

"रडताय?" फेन्नाबाईंनी विचारलं.

"वारा लागतोय."

"मलाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या दंडात हात अडकवला. वारा खरंच होता.

हार्लिंगनला आम्ही आधी पोचलो. मंडळाची बस उभी होती. बाकीच्यांनी मिठ्या मारल्या, गालावर तीन-तीन मुके घेतले, गेले. फेन्नाबाई राहिल्या. म्हणाल्या, सायकल अशा अवस्थेत नेणं बरं नाही, चेनचं एकदा काय ते बघूनच टाका, दोन-चार दिवस लागले तर लागले. पटलं मला. काम अर्धवट सोडू नये.

मग आम्ही धक्क्याच्या टोकावर जाऊन उभे राहिलो. ते सात-आठ जण नेहमीच्या बाकावर होतेच. बंदराच्या तोंडाशी आडवा वारा घुसत होता, अशा वाऱ्यात आत येणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. 'तीन भाऊ' वळली तेव्हा बाकावरून आवाज आला, "उशीर केला वळायला."

"गप्प बसा!" मी ओरडलो. "तिला ऐकू येतं."

तिनं एक शीड पाडलं, बोट वाऱ्यात थोडी घसरू दिली, आणि मी म्हटलं असतं 'आत्ता' त्याच्या अंमळ आधी सुकाणू वळवलं. ती धक्क्याला लागली तेव्हा कडेच्या रबरी उशांनी आवाजसुद्धा केला नाही. बाकावर कुणी काही बोललं नाही. त्या बाकावर न बोलणं ही फार मोठी गोष्ट आहे.

हिस्केनं सुकाणू सोडलं. चेहरा मिठानं पांढरा, केस सुटलेले, आणि हसू असं की त्या चेहऱ्यात मावेना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोमवारी त्यांना फोन करायचाय. फेरीबोटीवाल्यांना. नाही म्हणून सांगायला."

मला पुष्कळ बोलायचं होतं. टोननं पुढचा दोर फेकला, तो माझ्या छातीवर येऊन पडला. समोर लोखंडी खुंटे होते. आमचा खुंटा कुठला, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल.

"कप्तान," मी विचारलं, "कुठं बांधू?"

तिनं हात केला. मी तिथं बांधला.